निकाल न लागणारी कुस्ती

कुंडलच्या मैदानात हलगी घुमायला लागली की आमच्या सांगलीकडचा माणूस एकच विचारतो, कुस्ती निकाली आहे ना? म्हणजे पाठ मातीला लागेपर्यंत. आपल्या अंगातल्या टी पेशींनाही, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींनाही, तशाच कुस्तीची सवय असते. फ्लूचा विषाणू आला, आठवडा-दीड आठवड्यात निकाल लागला, लढलेल्या बहुतेक पेशी मरून गेल्या, थोड्या आठवण धरून मागं राहिल्या.

कॅन्सरच्या गाठीपुढं हे गणित बिघडतं.

‘शरीराला गाठ ओळखताच आली नाही’ असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. काही गाठी लपतात, पण बऱ्याच ओळखल्या जातात. जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे, आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. जनुक बिघडलं की तुकडाही बदलतो. डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी तो उचलून लसिका ग्रंथीत नेतात (पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच ग्रंथी). ज्या टी पेशीशी तुकडा जुळेल, तिच्या हजारो प्रती होतात आणि त्या गाठीकडं निघतात. तिथं कॅन्सरपेशीला चिकटून परफोरिन नावाच्या प्रथिनानं भोकं पाडायची, त्यातून ग्रॅन्झाइम हे पेशी मारणारं प्रथिन आत सोडायचं. पेशी खलास.

पण शेजारच्या पेशी वाढतच असतात. तोच तुकडा रोज समोर, महिनोन्‌महिने. पंचाची शिट्टी नाहीच. अशा टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक वाढत जातो. जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९२ मध्ये शोधला. हा ब्रेक काढून टाकलेल्या उंदरांत रोगप्रतिकारशक्तीनं स्वतःचेच सांधे आणि हृदय धरले. म्हणजे ब्रेक हवाच. गाठ त्याचाच फायदा उठवते. ती अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन वागवते आणि तो ब्रेक दाबून धरते. टी पेशी जिवंत, गाठीतच, पण हात उचलत नाही.

शास्त्रज्ञ याला ‘थकवा’ म्हणतात. मला हा शब्द तोकडा वाटतो. दमलेला पैलवान झोपून उठला की ताजा होतो. इथं डीएनएची गुंडाळणीच बदलते, लढायची जनुकं कुलूपबंद होतात. विश्रांतीनं ते कुलूप सहसा उघडत नाही.

ब्रेक सोडवणाऱ्या औषधांची वाट ज्यांच्या शोधांनी उघडली, त्या जेम्स अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पुढं कळलं, की ही औषधं पार दमलेल्यांना फारसं उठवत नाहीत. उठतात ती तालमीतली राखीव पोरं, अजून पुरती न थकलेल्या पेशी. ती ज्याच्याकडं उरलीच नाहीत, त्याला गुण येणं अवघड.

आणि सुटलेला ब्रेक गाठीपुरता सुटत नाही. म्हणून मिरजेला हे औषध घ्यायला जाणाऱ्याला डॉक्टर गाठीच्या आधी पोटाचं विचारतात, जुलाब होतात का? त्या पेशींनी एखाद्या वेळी आतड्याशीच खडाखडी सुरू केलेली असते.