तांब्याच्या पोटातली खिडकी

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेला तांब्या हातात घेतला की मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोकून पाडलेल्या खुणांचे, ठोके बोटांना लागतात. चिंच-मीठ लावून लख्ख घासलेल्या अशा एका तांब्याचा मी पहिल्यांदा फोटो काढला, तेव्हा हे ठोके कुठे दिसलेच नाहीत. दिसली ती डोक्यावरची ट्यूब, माझा हात, हातातला मोबाइल आणि मागच्या दोरीवरचे कपडे.

मातीचं मडकं अंगावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतं. घासलेला धातू तसं करत नाही. कॅरमची सोंगटी कडेवर ज्या कोनात आपटते त्याच कोनात परत फिरते, तसा धातूवरून प्रकाश परततो. त्यातून तांब्याचं पोट फुगीर, म्हणजे गाडीच्या बाजूच्या आरशासारखं. समोरची जवळजवळ सगळी खोली त्यात मावते. त्यामुळे चकचकीत भांड्याचा फोटो काढताना आधी भांड्याकडे नाही, तर भांड्याला काय काय दिसतंय तिकडे बघायचं.

त्याला एक मोठी, मऊ उजेडाची खिडकी दिसू द्या. उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या वॉटवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून तो केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर, पण आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो. म्हणून उन्हातली सावली धारदार. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. घरात हेच काम साधा बटर पेपर करतो. खिडकीला तो चिकटवा, तांब्या खिडकीच्या अगदी बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. आता प्रत्येक ठोका आपापल्या कोनातून त्या उजेडाचा एकेक तुकडा उचलतो आणि अंगावर लखलखती जाळी उमटते. कडा पार्श्वभूमीत हरवत असतील तर पुठ्ठ्याजागी काळा कागद धरून पाहा. भांड्याच्या कडेवर एक गडद रेघ येते आणि आकार उठून दिसतो. मला स्वतःला काळा कागदच जास्त आवडतो.

घरातले दिवे मात्र बंदच ठेवा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा, दिवसाचा उजेड 5500च्या आसपास. दोन्ही एकत्र आले तर एक बाजू पिवळी, एक निळी पडते आणि नंतर कुठलीही दुरुस्ती दोघींना पुरत नाही.

फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. फार जवळ जाऊ नका. जवळून तांब्याचं पोट आहे त्याहून मोठं आणि बूड बारीक दिसतं. चार पावलं मागे जाऊन 2x झूम वापरा.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं कमी ठेवा, कारण इथे धातूचाच स्वभाव आडवा येतो. तांबं निळा-हिरवा प्रकाश बराचसा शोषतं आणि लाल परतवतं. त्यामुळे कॅमेऱ्यात लाल रंग सर्वांत आधी 255 या कमाल आकड्याला टेकतो. उजेड आणखी वाढला की हिरवा आणि निळाही त्याच्या मागोमाग वर चढतात. मग तिथला तांबूसपणा जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. तो रंग एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. अंधारलेला भाग मात्र बऱ्यापैकी उजळता येतो.

एडिटिंगमध्ये पहिलं काम व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल. त्यासाठी एका फोटोत तांब्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवलेला असावा. तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सरकवायचा आणि तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावायची. मग सावल्या किंचित उजळा, धुळीचे ठिपके पुसा. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, मी हात लावत नाही. ते वाढवलं की तांबं नारिंगी प्लास्टिकसारखं दिसतं, आणि फोटो पाहून मागवणाऱ्याच्या हाती वेगळ्याच रंगाचं भांडं पडतं.

त्या पहिल्या तांब्याचा फोटो मी असाच पुन्हा काढला. गळ्याखालचे ठोके बारीक आणि पोटावरचे रुंद आहेत, हे मला त्यात पहिल्यांदा दिसलं.