दोन नंबर म्हणजे दोन लिटर नव्हे

सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर यांतला फरक कोविडनंतर घराघरांत ठाऊक झालाय. सिलिंडर संपतो, कॉन्सन्ट्रेटर वीज आहे तोवर हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देत राहतो. ते सोडा.

खरा घोळ घरातला मोठा कॉन्सन्ट्रेटर आणि खांद्याला अडकवायचा छोटा यांत आहे. मोठ्याच्या फ्लोमीटरमधली गोळी २ वर, छोट्याच्या पडद्यावरही २. मग दोन्हींना 'दोन लिटर' म्हणायचं. घरच्यांचं समजू शकतो, पण विकणारेही तेच म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

मोठा मिनिटाला दोन लिटर अखंड सोडतो, तुम्ही श्वास बाहेर टाकत असलात तरी. दोन-तीन किलोची छोटी यंत्रं बहुतेक पल्सवर चालतात: नाकाने श्वास ओढलेला कळला की एक फुंकर, मग गप्प. मिनिटाला वीस श्वास धरा. एका श्वासाला तीन सेकंद, त्यात आत घेण्याचा जेमतेम एक. त्या सेकंदात मोठा ३३ मिलिलिटर देतो, उरलेले दोन सेकंद बरंचसं वाया. छोटा २ वर बहुधा विसेक मिलिलिटरच देतो, पण श्वासाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे ते खोलवर पोचतं. बसल्या जागी भागतं म्हणून. फसवणूक नाही, फक्त तो २ लिटरचा नाही. दुसऱ्या कंपनीचा २ तर आणखी वेगळा.

आईला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, चुलीपुढे गेलेल्या वर्षांची देणगी. दुकानात छोटं यंत्र लावून, खुर्चीत बसवून ऑक्सिमीटर दाखवला: ९२. घरी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ८३. अनेक छोट्या यंत्रांची मिनिटाची ऑक्सिजनची एकूण कमाई ठरलेली असते. विसाचे तीस श्वास झाले की प्रत्येक फुंकर लहान होते, नेमकी गरज असते तेव्हा. त्यामुळे डॉक्टरांसमोर तेच यंत्र लावून सहा मिनिटं चालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आकडाही मनाने वाढवू नका. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ पुरे असतं, अतिऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

रात्री मोठंच यंत्र. झोपेत तोंड उघडं, श्वास उथळ, छोट्याला तो कित्येकदा कळतच नाही. मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या बायपॅप यंत्रालाही पल्स जोडायचा नसतो.

आईला डॉक्टरांनी जिन्यापुरता वेगळा आकडा लिहून दिलाय. मधल्या वळणावर आम्ही एक स्टूल ठेवलंय. सोसायटीने अजून हरकत घेतलेली नाही.