प्रोजेक्टर लावताय? भोक पाडायच्या आधी एवढं वाचा

बॉक्स घरी आला रे आला की ड्रिल शोधायला पळू नका. आधी तीन-चार रात्री प्रोजेक्टर टेबलावर नाहीतर स्टुलावर ठेवून बघा, पुढे-मागे सरकवा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि मगच जागा पक्की करा. स्वस्तातल्या प्रोजेक्टरला बहुतेक वेळा झूम नसतो, लेन्स वर-खाली सरकवायची सोय तर नसतेच, म्हणजे चित्र केवढं पडणार ते फक्त अंतरावर ठरतं. एकदा भोक पडलं की ते अंतर कायमचं.

हिशोब सोपा आहे. मॅन्युअलमध्ये थ्रो रेशो दिलेला असतो, त्याला चित्राच्या रुंदीने गुणायचं की लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर मिळतं. १०० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) चित्र म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. रेशो १.२ असेल तर लेन्सपासून भिंत पावणेनऊ फुटांवर हवी, १.४ असेल तर दहा फुटांच्या थोडं पुढे. आपल्याकडे कोकणात जुन्या घरांत माजघर लांब असतं तिथे प्रश्न नाही, पण नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि पंखा दोन्ही मध्ये येतात. पंख्याचं पातं उजेडाच्या वाटेत येतंय का ते पंखा चालू ठेवूनच बघा, बंद पंख्यावर काही कळत नाही.

बॉक्सवर ४के सपोर्ट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की मशीन ४केचा सिग्नल घेतं. भिंतीवर दाखवतं ते नेटिव्ह, म्हणजे स्वतःच्या रिझोल्यूशनमध्ये, ७२०पी नाहीतर १०८०पी. ल्युमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही तसंच, नुसता मोठा आकडा धरू नका, अँसी ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती ते विचारा. २००-३०० अँसी ल्युमेनचं मशीन रात्री लाईट घालवून ८० इंचापर्यंत छान दिसतं. १०० वरून १२० इंचावर गेलात तर तोच उजेड जवळजवळ दीडपट जागेवर पसरतो आणि चित्र फिकं पडतं. दुपारची मॅच बघायची असेल तर टीव्हीच बरा, प्रोजेक्टर विकत असूनही आम्ही हे सांगतो.

आता फिटिंग. स्लॅब असेल तर काम सरळ आहे, फास्टनर मारायचा, ब्रॅकेट लावायचा. पीओपी किंवा पीव्हीसीच्या सीलिंगला मात्र मशीन टांगायचं नाही, रॉड वरच्या स्लॅबपर्यंत न्यायचा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर शेल्फ लावणार असाल तर लक्ष द्या, जांभा भुसभुशीत असतो, आतून पोकळ्या असतात, हॅमर मोडवर ड्रिल मारलं की भोक मोठं होतं आणि प्लग गरागरा फिरायला लागतो. हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडायचं, लांब प्लग घ्यायचा, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात तर अजिबात पाडायचं नाही, जुन्या घरांत तिथे नुसती माती असते.

कौलारू घरात एकाच वाशाला ब्रॅकेट ठोकू नका. दोन वाशांवर आडवी फळी टाका, सागाची असो की फणसाची, आणि ब्रॅकेट त्या फळीला घ्या. वर कौल फुटकं नाही ना ते आधी बघा. माकडांनी एक कौल सरकवलं तरी पहिल्या पावसात पाणी थेट मशीनवर येतं, म्हणून खाली सीलिंग नसेल तर आम्ही मागच्या भिंतीवर शेल्फच सुचवतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात. मशीनच्या बुडाला बहुतेक वेळा एम४चे (४ मिमी जाडीचे) स्क्रू लागतात, ते जास्त लांब घेतले तर आतल्या सर्किटला टेकतात, म्हणून आधी हाताने फिरवून बघा. एक सेफ्टी वायर वेगळी बांधा.

मशीन उलटं टांगलं की सेटिंगमध्ये फ्रंट सीलिंग निवडायचं, नाहीतर हिरो डोक्यावर उभा. चित्र वाकडं आलं की लगेच कीस्टोन फिरवू नका, कीस्टोनने चित्र दाबून चौकोनी केलं जातं, त्यात पिक्सेल जातात आणि अक्षरं मऊ होतात. आधी मशीनच सरळ करा, जेवढं राहील तेवढंच कीस्टोनवर सोडा. मशीनच्या बाजूंना फूटभर मोकळी जागा ठेवा, गरम हवा बाहेर पडली पाहिजे.

भिंत पांढरी मॅट असेल तर पडद्यावर लगेच खर्च करू नका. चकाकणारा ऑइलपेंट नको, त्यावर मधोमध उजेडाचा डाग दिसतो. स्पीकर बहुतेकांचा यथातथाच असतो, साउंडबार वायरने जोडा, ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. काही स्वस्त अँड्रॉइड मशीनवर नेटफ्लिक्स नीट चालत नाही, एचडीएमआयमध्ये लावायची टीव्ही स्टिक लावली की काम होतं, पण स्टिकला तिचाच अडॅप्टर द्या.

पावसाळा हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर मशीन कपाटात बंद ठेवलंत तर लेन्सवर बुरशी धरते. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास चालवा, नसेल चालवायचं तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पण गरम असताना नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढाच, शिवाय एचडीएमआयची वायरही काढा, कारण छपरावरच्या डिशच्या केबलमधून वीज सेटटॉप बॉक्सपर्यंत आणि तिथून प्रोजेक्टरपर्यंत येते. एरवी मात्र बटणाने बंद करून फॅन थांबू द्या, मग प्लग काढा.

गणपतीत चाकरमानी आले की खळ्यात (अंगणात) पडदा लावायची हौस सगळ्यांनाच असते, लावा की, फक्त पूर्ण काळोख पडल्यावर, आणि चादर चारही कोपऱ्यांना ताणून बांधा. मशीन पडवीतच ठेवा, पावसाची सर कधी येईल सांगता येत नाही.

फिटिंगला बोलावण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवा: छताचा एक फोटो, ज्या भिंतीवर चित्र हवं तिचा एक, दोन भिंतींमधलं अंतर आणि प्लगचा पॉइंट कुठे आहे ते. कौलारू घर असेल तर उंच शिडी आहे का तेही कळवा, नाहीतर आमची आणावी लागते.