आंतरतारकीय अवकाशातील कार्बनी रेणू

ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूत व धुळीत रासायनिक विक्रियांनी तयार होणारे कार्बनयुक्त रेणू. अवकाशात आजवर ३०० हून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले असून त्यांतले बहुसंख्य कार्बनी आहेत. सहा किंवा अधिक अणूंच्या कार्बनी रेणूला खगोलशास्त्रज्ञ ‘जटिल’ म्हणतात. नागपुरी संत्र्याच्या सालीला वास देणारे लिमोनीन २६ अणूंचे असते, त्या मानाने ही व्याख्या फार उदार वाटेल. पण परिस्थिती पाहिली की सहा अणूही थोडे वाटत नाहीत.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. दाट रेणवीय मेघात, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगात, तापमान उणे २६३ अंशांच्या आसपास असते. तिथे एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम दहा हजार रेणू सापडतात, आपल्या हवेत एकावर एकोणीस शून्ये मांडावीत त्याहून जास्त. इतक्या थंडीत बहुतेक विक्रिया थिजायला हव्यात.

तरीही रेणू बनतात, ते दोन वाटांनी. पहिली वाट आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणूंची. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने जाणारा भारित कण, हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. उरलेला आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भिडून तीन अणूंचा आयन बनतो. हा आयन आपला प्रोटॉन कार्बन मोनॉक्साइडसारख्या शेजाऱ्याला सहज देऊन टाकतो. विद्युत आकर्षणच दोघांना जवळ ओढते, त्यामुळे उष्णतेची गरज उरत नाही. आंतरतारकीय अवकाशात हा आयन १९९६ मध्ये प्रत्यक्ष सापडला.

दुसरी वाट धुळीची, आणि खरे श्रेय तिलाच द्यायला हवे. ताऱ्यांचा प्रकाश अडवते म्हणून ही धूळ निरीक्षकांना नेहमी नकोशी वाटत आली. तिचे कण बहुधा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, सिलिकेटचे किंवा कार्बनचे. त्यांवर बर्फाचा थर बसतो. वायूत दोन अणू जुळले तरी जुळताना सुटलेली ऊर्जाच त्यांना पुन्हा फोडते. कणावर ती ऊर्जा कण शोषून घेतो. थरात गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडला भटकते हायड्रोजन अणू एकेक करून चिकटतात: आधी फॉर्माल्डिहाइड, मग मिथेनॉल. मधल्या पायऱ्यांवरचे ऊर्जेचे अडथळे हायड्रोजन क्वांटम टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्यातून पार होऊन, ओलांडतो. अवकाशात आढळते एवढे मिथेनॉल नुसत्या वायूतल्या विक्रियांतून होतच नाही. पुढे जवळ तारा जन्मला की बर्फ उडून जातो, रेणू मोकळे होतात आणि ते स्वतःभोवती फिरताना सोडत असलेल्या रेडिओ लहरींवरून रेडिओ दुर्बिणी त्यांना ओळखतात.

अवकाशातले फॉर्माल्डिहाइड १९६९ मध्ये ओळखले गेले. धनु राशीतल्या ‘सॅजिटेरियस बी-२’ या मेघात १९७५ मध्ये एथेनॉल सापडले. ‘रोझेटा’ या युरोपीय यानाला ६७पी धूमकेतूभोवती ग्लायसीन हे अमिनो आम्लही मिळाले.

गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात आकाशाची ओळख झालेल्या नागपूरकराला वृषभ रास सापडणे अवघड नाही. डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास, रोहिणीच्या थोडे उत्तरेला, जवळजवळ डोक्यावरच ‘टीएमसी-१’ हा मेघ असतो. डोळ्यांना तिथे काळोखच दिसतो. त्याच काळोखात बेंझीनचे कडे असलेला बेंझोनायट्राइल हा रेणू आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.