गोळी किती महिने टिकते?

रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी एकदा सुरू झाली की बहुधा कायमची असते. तरी अनेकांची ती मधेच सुटते. दीर्घ आजारांत औषधे नेमाने घेण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवले. पुढच्या वर्षी किती जण गोळ्या घेत असतील, याचा अंदाज म्हणूनच महत्त्वाचा.

असा अंदाज खरेदीच्या नोंदींवरून बांधता येतो. डेन्मार्कमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेल्या औषधांची नोंद व्यक्तिगत क्रमांकानिशी देशभर होते. ३० गोळ्या नेलेला माणूस महिन्याने परत यायला हवा. थोड्या जास्त दिवसांची सवलत देऊनही आला नाही, तर त्याने औषध सोडले असे धरतात. ही सवलत ३० दिवसांची की ९०, यावर उत्तर बरेच बदलते. असा कोणताही आकडा वाचताना मी आधी तीच शोधतो.

खरी अडचण पुढे आहे. समजा, १०० जणांनी वेगवेगळ्या तारखांना गोळी सुरू केली. पहिल्या महिन्यात २० जणांनी सोडली. उरलेल्या ८० पैकी ३० जणांचा दुसरा महिना अजून उजाडायचाच आहे. त्यांनी सोडली म्हणणे चूक, आणि त्यांना वगळणेही चूक, कारण पहिला महिना त्यांनी पार पाडला आहे. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या संशोधकांनी १९५८ मध्ये यावर देखणी वाट दाखवली. दुसऱ्या महिन्याचा हिशेब फक्त ५० जणांवर करायचा. त्यांतल्या ५ जणांनी सोडली तर ९० टक्के टिकले. पहिल्या महिन्याच्या ८० टक्क्यांना त्याने गुणले की ७२ टक्के. कॅप्लन यांच्यापुढे तेव्हा टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूबच्या आयुष्याचा प्रश्न होता, मायर यांच्यापुढे रुग्णांचा. गणित एकच निघाले.

आता भविष्य. दरमहा २० टक्के गळती धरली, तर वर्षाअखेर शंभरातले जेमतेम ७ जण उरतील. प्रत्यक्षात आलेख सहसा आधी झपाट्याने उतरतो, मग सपाट होत जातो. ज्यांना गोळीचा त्रास होतो, खर्च झेपत नाही किंवा काही दुखतच नसल्याने गरज पटत नाही, ते लवकर गळतात. मागे चिकाटीचे उरतात. एकाही माणसाचा स्वभाव न बदलता गटाची गळती मंदावते. अंदाजाच्या गणितात हा फरक घालावाच लागतो.

आपल्याकडे रिकामी स्ट्रिप दाखवून कुठल्याही मेडिकलमधून गोळ्या आणता येतात. एकाच रुग्णाची खरेदी अशी चार दुकानांत विखुरली, की एका दुकानाच्या नोंदीत त्याने औषध सोडल्यासारखेच दिसते. तिथे रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांतच फोन करून विचारणे हाच भरवशाचा मार्ग, कारण सर्वाधिक गळती तेव्हाच होते.