घरगुती प्रोपेन टाकी : मालकीची आणि भाड्याची

अमेरिकेत नैसर्गिक वायूची पाइपलाइन न पोहोचलेल्या ग्रामीण भागात घर उबदार ठेवण्यासाठी, पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला प्रोपेन हा इंधन-वायू वापरतात. त्यासाठी अंगणात लोखंडी टाकी बसवलेली असते. ती घरमालकाची तरी असते, नाहीतर गॅस पुरवणाऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक कळतो तो गॅस भरायची वेळ आली की.

500 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,900 लिटरची टाकी बरीच प्रचलित आहे. उन्हाने टाकीतला द्रवरूप गॅस प्रसरण पावतो, म्हणून ती 80 टक्क्यांपर्यंतच भरतात. तरीही तिच्यात आपल्याकडच्या 14.2 किलोच्या 50 हून अधिक सिलिंडरांइतका गॅस मावतो. एवढी खरेदी एका खेपेला होत असल्यामुळे गॅलनमागे थोडा फरकही मोठा ठरतो.

भाड्याच्या टाकीत सुरुवातीचा खर्च कमी, आणि रेग्युलेटर, झडपा, दुरुस्ती हे सहसा कंपनीच पाहते. काही कंपन्या वर्षाला ठरावीक गॅस घेतल्यास भाडे माफ करतात. मात्र त्या टाकीत गॅस त्याच कंपनीचा भरावा लागतो. अनेक राज्यांत टाकीच्या मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या, परवानगीविना दुसऱ्याने तो भरणे कायद्यानेच मना आहे. ऐन हिवाळ्यात दर चढले आणि शेजारचा विक्रेता स्वस्त देत असला, तरी इलाज नसतो. म्हणून करार करताना भाड्याच्या आकड्यापेक्षा गॅलनचा दर, किमान वापराची अट आणि टाकी परत नेण्याचा खर्च आधी विचारावा.

स्वतःची टाकी असली की दर विचारून हव्या त्या विक्रेत्याकडून गॅस घेता येतो, उन्हाळ्यात भाव उतरल्यावर साठा करता येतो. बदल्यात रंग, गंज, गळतीची तपासणी हे सारे आपल्या गळ्यात. जमिनीत पुरलेल्या टाकीला गंजापासून वेगळे संरक्षण लागते आणि ती बदलायची तर खोदकाम आले. नुसती शेगडी चालवणाऱ्या घराला भाड्याची टाकी पुरते. सबंध हिवाळा प्रोपेनवर काढणाऱ्याने मालकीचा विचार जरूर करावा.

भारतात घरगुती सिलिंडर अनामत रकमेवर मिळतो आणि तो तेल कंपनीच्याच मालकीचा राहतो. सरकारी कंपन्यांचे दर एका गावात सारखेच असल्यामुळे ही मालकी ग्राहकाला जाचत नाही. त्यामुळे अमेरिकेत गावाबाहेर घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मनात टाकी कोणाची हा प्रश्न सहसा येत नाही, आणि नेमके तिथेच चुकते. भाड्याची टाकी घराच्या व्यवहारात येत नाही. नव्या मालकाला कंपनीशी नवा करार करावा लागतो. टाकीवरच्या पट्टीवर उत्पादक, क्षमता आणि अनुक्रमांक असतो, मालकाचे नाव नसते. तेव्हा खरेदीखतापूर्वी टाकीच्या खरेदीची पावती मागावी. ती नसेल तर अनुक्रमांक सांगून गॅस कंपनीकडे चौकशी करावी.