सातपुड्यातली पोकळ झाडं आणि त्यांच्या पोटातले भुंगेरे

नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा दिसला. १८८४ नंतर, म्हणजे तब्बल ११३ वर्षं, त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो सापडला आणि सातपुड्याचं नाव जगभरच्या पक्षी अभ्यासकांच्या तोंडी आलं. हा पिंगळा झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. म्हणून ढोलीची जुनी झाडं राखली पाहिजेत, असं पक्षीमित्र सांगतात आणि ते अगदी खरं आहे. मला त्यात भर घालायची आहे ती ढोलीच्या तळाशी राहणाऱ्या भुंगेऱ्यांची. त्यांचे फोटो कोणी काढत नाही, पण त्यांना या झाडांची गरज पिंगळ्याहून जास्त आहे.

झाडाचा जिवंत भाग असतो सालीखालचा, बाहेरच्या बाजूचा. मधलं लाकूड मेलेलंच असतं, ते झाडाला आधार देतं. एखादी फांदी तुटते किंवा चाऱ्यासाठी छाटली जाते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि मधलं लाकूड हळूहळू कुजवते. झाड मात्र वर पालवत राहतं, फुलतं, फळतं. पोकळ झाड म्हणजे मरायला टेकलेलं झाड, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. यावलकडे अंजनाची झाडं चाऱ्यासाठी छाटतात. मोह तर कोणी सहसा तोडतच नाही, त्यामुळे पाड्याजवळची सगळ्यांत वयस्क झाडं पुष्कळदा मोहाचीच असतात. अशा झाडांच्या पोटात वर्षानुवर्षं तांबूस, ओलसर भुगा साठत जातो. त्यात कुजलेलं लाकूड असतं, बुरशी असते, पाखरांची आणि वटवाघळांची विष्ठा असते, जुन्या घरट्यांचा गाळ असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हाही त्या भुग्याच्या आत गारवा आणि ओल टिकून असते.

या भुग्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात. झाड किंवा फांदी नुकतीच मेली की सालीखाली आधी येतात ते लांब शिंगांचे भुंगेरे आणि चकचकीत सोनकिडे. बुरशीने लाकूड मऊ केलं की त्यांची जागा दुसरे घेतात, आणि अगदी शेवटी, लाकडाचं पीठ झालं की, तिसरे. लाकूड हे खाणं म्हणून फार निकृष्ट असतं. त्यात सेल्युलोज आणि लिग्निन हे पचायला अवघड घटक भरपूर, नायट्रोजन मात्र नावाला. म्हणून या अळ्यांना बुरशीची आणि आपल्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची मदत लागते, आणि कित्येकींना मोठं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढा काळ ती ढोली जशीच्या तशी राहावी लागते.

खानदेशातल्या शेतकऱ्याला पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की तो तिला हुमणी समजून चिरडतो. हुमणीने ऊस किंवा भुईमूग पोखरलेला ज्याने पाहिलाय त्याला दोष कसा देणार? पण कुजक्या लाकडात किंवा शेणखतात सापडलेल्या अळीची एक सोपी परीक्षा आहे. ती सपाट जागेवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरकत निघाली, तर ती हुमणी नाही, फुलांवर दिसणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातली आहे. या अळ्या कुजलेलं खाऊन त्याचं खत करतात.

याच कुळातला ऑस्मोडर्मा एरेमिटा नावाचा एक भुंगेरा युरोपात राहतो. तीनेक सेंटिमीटर लांब, काळसर तपकिरी. नराच्या अंगाला पिकल्या पीचसारखा गोडसर वास येतो आणि त्या वासावरून मादी त्याच्यापर्यंत पोहोचते. ढोलीच्या भुग्याशिवाय तो वाढत नाही. स्वीडनमध्ये या भुंगेऱ्यांवर खुणा करून त्यांचा माग काढला, तेव्हा दिसलं की साधारण ८५ टक्के भुंगेरे ज्या झाडात जन्मले तिथेच आयुष्य काढतात. उरलेलेही सहसा जवळचंच झाड गाठतात. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. जो प्राणी झाड सोडून जात नाही, त्याच्यासाठी ते एक झाड म्हणजेच जंगल. ते पडलं आणि हाकेच्या अंतरावर दुसरी ढोली तयार नसली, तर पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती त्याच दिवशी संपते. आणि ढोली काही मागितली की मिळत नाही. स्वीडनमधल्या ओकच्या झाडांचा अभ्यास सांगतो की शंभर वर्षांखालच्या झाडांत ढोली जवळजवळ नसतेच. दोनशे ते तीनशे वर्षांच्या झाडांपैकी निम्मी पोकळ असतात.

स्वीडनमध्ये ओकवर एके काळी राजाची मालकी होती. १८३० मध्ये ती उठली आणि जुन्या झाडांची बेसुमार तोड झाली. जुन्या झाडांची ती उणीव भरून काढायला आता संशोधक ओकच्या लाकडाच्या पेट्या करतात, त्यांत ओकचा भुसा, पाला आणि गवत भरतात, कधी एखादी मेलेली कोंबडीही टाकतात आणि त्या झाडांना बांधतात. ढोलीतले बरेचसे भुंगेरे अशा पेट्यांत येऊन राहिले. फ्रान्समध्ये ऑस्मोडर्माच्या वस्त्या आढळल्यामुळे ल मां आणि तूर या शहरांमधल्या महामार्गाचं काम काही वर्षं अडलं होतं. युरोपातल्या लाकडावर जगणाऱ्या सुमारे ७०० भुंगेऱ्यांची स्थिती २०१८ मध्ये तपासली गेली. त्यांतल्या जवळपास १८ टक्के जाती धोक्यात निघाल्या.

आपल्याकडे लाकडातल्या भुंगेऱ्यांकडे पाहिलं गेलं ते लाकडाचे शत्रू म्हणून. इंग्रजांच्या काळापासून डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत त्यांचा मोठा अभ्यास झाला, पण प्रश्न एकच असायचा: इमारती लाकूड कसं वाचवायचं? त्यालाही कारण होतं. १९९७-९८ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या सालवनांत खोड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याने हाहाकार केला होता. आंब्याचं खोड पोखरणारं भिरूडही बागायतदाराला रडवतं. पण जिवंत, तगड्या झाडात घुसणाऱ्या या मूठभर जातींवरून बाकीच्या शेकडो जातींना शिक्षा देणं अन्याय आहे. त्या फक्त मेलेलं लाकूड खातात आणि त्यातली पोषकद्रव्यं मातीला परत देतात.

सातपुड्यात ढोलीच्या झाडाचा सगळ्यांत मोठा वैरी वणवा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग बुंध्याच्या भोकातून आत गेली की कोरडं लाकूड आतून धुमसत राहतं आणि एवढं मोठं झाड आडवं होतं. मोहफुलांवर कित्येक घरं चालतात, त्यामुळे नुसती बंदी घालून हे थांबणार नाही. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करणं किंवा झाडाखाली जाळी बांधणं हे दोन्ही जमण्यासारखं आहे, आणि झाड वाचलं तर पुढच्या वर्षीची फुलंही वाचतात.

दुसरी गोष्ट वठलेल्या आणि पडलेल्या लाकडाची. सगळं सरपण जंगलातच राहू द्या, असं चूल पेटवणाऱ्या बाईला सांगायचा अधिकार कोणालाच नाही. मात्र मांडीएवढ्या फांद्या न्याव्यात आणि कवेत न मावणारं खोड तिथेच कुजू द्यावं, एवढी वाटणी नक्की होऊ शकते. यावल अभयारण्य १९६९ पासून राखलेलं आहे, तिथे हे सोपं जावं. नंदुरबार जिल्ह्यात २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक ग्रामसभांना जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क मिळाला आहे. त्यांच्या आराखड्यात पोकळ झाडांची मोजणी आणि त्यांच्या बुंध्याभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, घेण्याचं काम बसू शकतं. त्याच यादीत आजची ऐन उमेदीतली अंजनं, मोह, उंबर आणि सादडेही घ्यायला हवेत. आत्ता ती पोकळ नाहीत. म्हातारी होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, हे मात्र आत्ताच ठरवावं लागेल.